‘चार रेटिंग’ची शाळा आणि परवडणारं घर

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मध्य न्यू जर्सीत भाड्याने राहणारं मराठी कुटुंब. मुलगी पहिलीत, धाकटा तीन वर्षांचा. घर घ्यायचं ठरलं आहे. सध्याच्या मोठ्या, नावाजलेल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे एका ठरावीक भागातल्या सरकारी शाळांचा कारभार असलेल्या हद्दीत) बजेटात फक्त टाउनहाऊस बसतं, तेही ओढाताण करून. पाऊण तासावरच्या एका छोट्या गावात मात्र अंगण असलेलं स्वतंत्र घर सहज परवडतं. तिथल्या डिस्ट्रिक्टची एकच शाळा आहे, केजी ते आठवी, एका इयत्तेत साधारण 40 मुलं. घरांच्या वेबसाइटवर रेटिंग दहापैकी चार. गणितात शाळेची ‘फक्त 36 टक्के मुलं पास’, आणि ‘पाचवीत तर 22च’ असा स्क्रीनशॉट एका मैत्रिणीने पाठवला आहे. निम्म्याहून जास्त मुलं हिस्पॅनिक, बरीच मोफत जेवण घेणारी, देसी मुलं मोजकी. नवरा म्हणतो घेऊन टाकू. मैत्रिणी म्हणतात, मुलीचं नुकसान करू नकोस. “मी स्वतः नगरपालिकेच्या शाळेत शिकले, पण ते दिवस वेगळे होते. स्वस्त घरासाठी मी मुलीच्या शिक्षणाशी तडजोड करते आहे का?”

नमस्कार,

घर आणि शाळा यांचा असा एकत्र हिशेब मांडावा लागतोय याचं ओझं स्वतःवर घेऊ नका. या देशाची घडीच तशी आहे. घराचा पत्ता शाळा ठरवतो आणि शाळेचं नाव घराची किंमत ठरवतं. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी मॅसॅच्युसेट्समध्ये शाळांच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं ताडून पाहिली होती. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की शाळेचे गुण पाच टक्क्यांनी जास्त असले तर पालक घरासाठी अडीच टक्के जास्त मोजतात. म्हणजे तुम्ही टाउनहाऊसला जी किंमत द्याल, तिच्यातला एक हिस्सा या रेटिंगचाच असणार. मग ते रेटिंग नेमकं काय मोजतं, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

घरांच्या वेबसाइटवर दिसणारं एक ते दहाचं रेटिंग बहुतेक वेळा ग्रेटस्कूल्स या 1998 मध्ये सुरू झालेल्या संस्थेचं असतं. 2017 पर्यंत ते मुख्यतः परीक्षेच्या गुणांवर बेतलेलं होतं. नंतर मुलांची वर्षागणिक प्रगती आणि वेगवेगळ्या गटांमधली तफावतही त्यात धरली जाऊ लागली. तरी गुणांचा वाटा आजही मोठा आहे. आणि गुणांच्या सरासरीत शाळेपेक्षा घर जास्त बोलतं, हे इथे फार पूर्वीपासून माहीत आहे. 1966 साली जेम्स कोलमन यांनी सरकारसाठी 6 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या इमारती, प्रयोगशाळा आणि खर्च यांपेक्षा घरच्या परिस्थितीशी कितीतरी जास्त जुळतो, असं त्यांना आढळलं. तुमच्या आजच्या डिस्ट्रिक्टमधल्या किती मुलांचे आईवडील इंजिनियर आणि डॉक्टर आहेत, किती मुलं शनिवारी गणिताच्या क्लासला जातात, ते आठवून पाहा. ती सगळी मेहनत आणि तो सगळा पैसा शाळेच्या गुणांमध्ये मोजला जातो आणि श्रेय शाळेच्या खात्यावर जमा होतं. शाळा चांगली नसते असं मी म्हणत नाही. आकड्यावरून तिचा वाटा वेगळा काढता येत नाही, एवढंच.

तो वेगळा काढायचा तर मूल कुठून निघालं आणि कुठपर्यंत पोचलं हे पाहावं लागतं. स्टॅनफर्डचे शॉन रीअर्डन यांनी देशभरातल्या हजारो डिस्ट्रिक्टचे निकाल एका मापावर आणून नेमकं हेच पाहिलं. सरासरी गुण लोकवस्तीच्या सुबत्तेबरोबर वर-खाली होतात, पण तिसरी ते आठवी या काळात मुलं किती पुढे सरकतात याचा सुबत्तेशी फारच कमी संबंध दिसतो. त्यांच्या कामातलं शिकागोचं उदाहरण मला नेहमी आठवतं. तिथल्या सरकारी शाळांची सरासरी कमी होती, बहुसंख्य मुलं गरीब घरांतली होती, आणि तरीही 2009 ते 2014 या पाच वर्षांत तिथली मुलं सुमारे सहा वर्षांइतकी पुढे गेली. सरासरीवर नजर टाकून ज्यांनी त्या शाळा नापास ठरवल्या, त्यांना हे कधी दिसलंच नसतं.

आता तुमच्या 36 टक्क्यांकडे येते. न्यू जर्सीत तिसरीपासून दर वसंतात राज्याची परीक्षा होते. 2023 मध्ये तिचे गुण 650 ते 850 या पट्टीवर होते आणि 750 किंवा त्याहून जास्त मिळाले की ‘इयत्तेच्या अपेक्षा पूर्ण’ असं धरत. वेबसाइट त्यालाच पास म्हणून मोकळी होते. 748 मिळालेलं मूल त्या हिशेबात 660 मिळालेल्या मुलाच्याच रांगेत बसतं. आणि राज्यभरात गणितात ही रेषा किती मुलं ओलांडतात? 2023 मध्ये साधारण 38 टक्के. इंग्रजीत जवळपास निम्मी. हे त्या न्यू जर्सीचं, जे राष्ट्रीय चाचणीत वर्षानुवर्षं पहिल्या काही राज्यांत असतं. तेव्हा ज्या 36 ने तुमची झोप उडवली, ते राज्याच्या सरासरीला जवळजवळ चिकटून आहेत. तुम्ही ते आपल्याकडच्या दहावीच्या निकालाच्या नजरेने वाचलेत, आणि ते अगदी साहजिक आहे.

पाचवीच्या 22 टक्क्यांबद्दल तर मला जरा रागच आला, तुमचा नाही, त्या स्क्रीनशॉटचा. 40 मुलांच्या इयत्तेत 22 टक्के म्हणजे नऊ मुलं. आणखी सहा मुलं 750 च्या वर गेली असती तर हाच आकडा 37 झाला असता. सहा मुलं! त्या वर्षी तीन कुटुंबं दुसऱ्या देशातून येऊन गावात राहिली, दोन हुशार मुलं गाव सोडून गेली, एवढ्याने हे घडू शकतं. 40 मुलांच्या इयत्तेत काहीही न बदलता, निव्वळ योगायोगाने, आकडा एका वर्षी सात-आठ टक्क्यांनी इकडे आणि पुढच्या वर्षी तेवढाच तिकडे जाणं अगदी सामान्य आहे. छोट्या डिस्ट्रिक्टचा एका इयत्तेचा, एका वर्षाचा आकडा कुणी कौतुकाने दाखवला तरी विश्वास ठेवू नका आणि भीतीने दाखवला तरीही नका. किमान तीन वर्षांचे, सगळ्या इयत्तांचे आकडे एकत्र पाहा. 2020 आणि 2021 मध्ये कोविडमुळे राज्याची ही परीक्षा झालीच नव्हती, त्यामुळे जुन्या आलेखांत ती वर्षं रिकामी दिसतील.

राज्याचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट वेबसाइटवर टाकतं. तो उघडून आधी ‘ग्रोथ’चं पान काढा. तिथे प्रत्येक मुलाची तुलना राज्यभरातल्या, आधीच्या वर्षी जवळपास तेवढेच गुण असलेल्या मुलांशी केलेली असते, आणि शाळेचा मधला आकडा दिलेला असतो. 50 म्हणजे बरोबर मध्य. 40 ते 59.5 या टप्प्याला राज्य समाधानकारक मानतं. त्या छोट्या शाळेचा आकडा दोन-तीन वर्षं 55 च्या आसपास असेल आणि तुमच्या नावाजलेल्या शाळेचा 48, तर शिकवण्याचं काम कुठे जोरात चाललंय याचा विचार तुम्हीच करा. आणि तो सलग 35 च्या खाली असेल, तर मैत्रिणींचं म्हणणं बरोबर होतं असं मी बेधडक म्हणेन, मग घराला कितीही मोठं अंगण असो.

त्याच रिपोर्टमध्ये गटांप्रमाणे निकाल असतात. एक ओळ आर्थिकदृष्ट्या वंचित मुलांची, एक तशा नसलेल्या मुलांची. दोन्ही डिस्ट्रिक्टमधली ही दुसरी ओळ शेजारी शेजारी ठेवा, कारण तुमची मुलगी त्या ओळीत मोजली जाणार आहे. पूर्ण शाळेच्या सरासरींमधलं अंतर मोठं दिसतं तेव्हा या ओळींमधलं अंतर बरंच लहान निघू शकतं. ते लहान निघालं नाही, तर तोही महत्त्वाचा निरोप आहे. एशियन गटाची ओळ शोधायला जाल तर बहुधा चांदणीची खूण दिसेल. मुलं अगदी थोडी असली की कुणाची ओळख उघड होऊ नये म्हणून आकडा झाकतात. त्यावरून काही निष्कर्ष काढू नका. मोफत जेवणाच्या टक्केवारीचंही तसंच. पुरेशी गरजू मुलं असलेल्या शाळेला केंद्राच्या एका तरतुदीखाली सगळ्यांनाच मोफत जेवण देता येतं, आणि 2023 मध्ये ती अट 40 टक्क्यांवरून 25 वर आली. त्यामुळे हा आकडा आता गावाच्या गरिबीचा धड अंदाजही देत नाही.

तुम्ही पत्रात ‘निम्म्याहून जास्त मुलं हिस्पॅनिक’ हे वाक्य रेटिंगच्या लगेच पुढे लिहिलंत, जणू ती दुसरी उणीव आहे. तुम्ही कुणाचा दुस्वास करणाऱ्या नाही, हे पत्रावरून कळतं. म्हणूनच विचारते, भीती नेमकी कशाची आहे? शिक्षक नवशिक्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात गुंततील आणि तुमच्या मुलीकडे लक्ष राहणार नाही, अशी असेल तर तो रास्त प्रश्न आहे आणि त्याची चौकशी करता येते. या राज्यात डिस्ट्रिक्टमध्ये एकाच भाषेची, इंग्रजी शिकणारी 20 किंवा जास्त मुलं असतील तर द्विभाषिक कार्यक्रम चालवावा लागतो. त्यासाठी वेगळे शिक्षक आहेत का, ते वर्गात येऊन मदत करतात की मुलांना बाहेर नेतात, ते विचारा. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटाचे गुण नेहमीच कमी दिसतात, कारण ज्याला इंग्रजी चांगलं यायला लागतं त्याचं नाव त्या गटातून निघतं आणि नवं आलेलं मूल आत येतं. शाळा आपलं काम उत्तम करत असली तरी ती ओळ खालीच दिसणार.

भीती जर सोबतीची असेल, की मुलीला कशी मुलं भेटतील, तर तीही झटकून टाकत नाही. वर्गात कोण बसतं याचा मुलांवर परिणाम होतो, हे कोलमन यांच्या अहवालातही होतं. पण तो परिणाम मुलांच्या आडनावांतून होत नाही. वर्गात शांतपणे शिकता येतं का, मुलं वर्षाच्या मध्ये किती येतात-जातात, किती मुलं वरचेवर गैरहजर असतात, यातून होतो. गैरहजेरीचे आकडे त्याच रिपोर्टमध्ये आहेत आणि ते बारकाईने पाहा. तुमच्या नगरपालिकेच्या शाळेत तुमच्या बाकावर कोण बसायचं? धुणीभांडी करणाऱ्या बाईंची मुलगी असेल, भाजीवाल्याचा मुलगा असेल. दिवस वेगळे होते हे खरं, पण त्या बाकाने तुमचं काय बिघडवलं आणि काय दिलं, याचं उत्तर तुमच्याशिवाय कोण देणार?

मोठ्या डिस्ट्रिक्टचीही एक किंमत असते आणि ती घराच्या कागदपत्रांवर नसते. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हे आपल्या लोकांचं आवडतं डिस्ट्रिक्ट. 2015 मध्ये तिथल्या सुपरिंटेंडेंटनी, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी, पालकांना लांबलचक पत्र लिहून मुलांवरच्या ताणाबद्दल कळवळून सांगितलं होतं. हायस्कूलच्या सहामाही आणि अंतिम परीक्षा रद्द झाल्या, गृहपाठ नसलेल्या रात्री ठरल्या. तो निर्णय काही पालकांना फार पटला आणि काहींना, त्यांत आपले एशियन पालक बरेच, अजिबात नाही. तुमची मुलगी पहिलीत आहे. तिचा स्वभाव चढाओढीत फुलणारा आहे की मिटणारा, हे या निर्णयात रेटिंगइतकंच मोलाचं आहे, आणि ते तुम्हा दोघांनाच ठाऊक.

आता छोट्या डिस्ट्रिक्टबद्दल मला खरोखर ज्याची काळजी वाटते ते सांगते, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. शाळा आठवीपर्यंत आहे. नववीला मुलगी कुठे जाणार? अशी गावं आपली मुलं एखाद्या प्रादेशिक हायस्कूलला किंवा शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलला पाठवतात. तो करार कुणाशी आहे, सध्या त्यात बदलाची चर्चा चालू आहे का, आणि त्या हायस्कूलचा रिपोर्ट काय सांगतो, ही चौकशी तुमच्या निर्णयात सगळ्यात वरची. याच्या जोडीला काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, व्होकेशनल-टेक्निकल शाळा असतात. नावावरून आयटीआय वाटतं, पण त्यातल्या काही राज्यातल्या सर्वोत्तम विज्ञान-गणिताच्या अकादमी आहेत, आणि त्यांचा प्रवेश काउंटीतल्या सगळ्या गावांतल्या मुलांना खुला असतो. म्हणून दोन्ही घरं कोणत्या काउंटीत येतात तेही पाहा.

दुसरी काळजी, इयत्तेत दोनच तुकड्या असल्या की पर्याय आटतात. एखादा शिक्षक मुलीशी जुळला नाही तर बदलायला जागा नसते. सातवीत बीजगणित मिळेल का, वाद्यवृंद आहे का, परकी भाषा कोणती, हे स्पष्ट विचारा. तुमची मुलगी गणितात पुढे आहे असं वाटत असेल तर हे माहीत असू द्या की 2020 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक डिस्ट्रिक्टला हुशार मुलांसाठी सोय करावी लागते आणि तिची माहिती वेबसाइटवर द्यावी लागते. ती माहिती चार ओळींत गुंडाळलेली असेल तर त्यावरूनही शाळेचा कल कळतो. तिसरी, पैसा. छोट्या गावात दुकानं-कारखाने कमी असले की शाळेचा बराचसा भार घरांच्या प्रॉपर्टी टॅक्सवर पडतो. राज्याची मदत एका वर्षी घटली तर आधी संगीताच्या बाई जातात, मग ग्रंथपाल. डिस्ट्रिक्टचं सोप्या भाषेतलं बजेट वेबसाइटवर असतं आणि डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाच्या सभा सगळ्यांना खुल्या असतात. मागच्या वर्षभराचे इतिवृत्तांत वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण शिक्षक किती राजीनामे देतायत, भांडणं कशावरून होतायत, सुपरिंटेंडेंट किती वेळा बदलले, सगळं त्यात सापडतं. टॅक्सही स्वस्त घराच्या हिशेबात आत्ताच धरा. राज्यात सरासरी टॅक्स वर्षाला 10 हजार डॉलरच्या घरात आहे आणि घर स्वस्त म्हणजे टॅक्स कमी असं अजिबात नाही.

मग शाळेत जा. मुख्याध्यापकांची वेळ मागा, शक्यतो चालू दिवसात. छोट्या शाळेत ती सहसा मिळते आणि मिळाली नाही तरी कळायचं ते कळतंच. त्यांना विचारा, पहिलीत चांगलं वाचणाऱ्या मुलीला तुम्ही काय देता, आणि मागे पडलेल्या मुलाला काय देता. दोन्ही उत्तरं सारख्याच उत्साहाने आली तर मला बरं वाटेल. भिंतींवर मुलांचं लेखन लावलेलं असेल तर थांबून वाचा. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभ्या असलेल्या दोन-तीन आयांशी बोला, त्यांत स्पॅनिश बोलणारी एखादी नक्की असू द्या. मैत्रिणींच्या ग्रुपमधलं कुणी या शाळेत कधी पाऊल टाकून आलंय का, हेही एकदा विचाराच.

देसी मुलं कमी असण्याचं दुःख मी समजू शकते, आणि ते मुलीपेक्षा तुम्हाला जास्त जाणवेल असा माझा अंदाज आहे. सकाळी बस स्टॉपवर मराठीत दोन शब्द बोलायला कुणी नसणं ही लहान गोष्ट नाही. रविवारची मराठी शाळा, गणपती, दिवाळी यांसाठी पाऊण तास गाडी चालवायची तुमची तयारी आहे का? बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळा न्यू जर्सीत आहेत, त्यामुळे ते शक्य आहे. पण दर रविवारी, बर्फातसुद्धा, हे नवरा-बायकोने आधी मोकळेपणाने बोलून घ्यावं. रोजच्या नोकरीच्या प्रवासाचंही तेच.

तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत असंही समजू नका. मुलगी पहिलीत असताना आणखी एक वर्ष भाड्याने राहून दोन्ही ठिकाणचे नवे रिपोर्ट आणि नवी बजेटं पाहता येतात. ओढाताणीच्या हप्त्याने टाउनहाऊस घेतलंत तर घरात रोज पैशांवरून धुसफूस होईल का, हेही मुलीच्या शिक्षणाच्याच खात्यात धरा. आणि या दोघांच्या मधलं तिसरं डिस्ट्रिक्ट, रेटिंग सहाचं, ज्याच्याकडे ग्रुपमध्ये कुणाचं लक्षच गेलेलं नाही, ते शोधलंत का?

मला विचाराल तर, ग्रोथचा आकडा 50 च्या आसपास किंवा वर, हायस्कूल पटण्यासारखं आणि मुख्याध्यापकांच्या बोलण्यात जीव असेल, तर मी ते छोट्या गावातलं घर घेईन, रेटिंग चार असो की तीन. तिन्हींपैकी हायस्कूलचं उत्तर समाधानकारक नसेल तर थांबेन, कारण ते तुमच्या हातात नसतं आणि सहजी बदलत नाही.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. न्यू जर्सीत पोस्टाचा पत्ता एका गावाचा आणि शाळा दुसऱ्याच गावची असं सर्रास घडतं, तेव्हा घराचा पूर्ण पत्ता देऊन शाळा कोणती, हे डिस्ट्रिक्टच्या ऑफिसातून ईमेलवर लेखी घ्या. एजंटच्या शब्दावर राहू नका. आणि ब्रोकरने केलेल्या करारावर सह्या झाल्या की वकिलाच्या तपासणीसाठी कामाचे तीनच दिवस असतात, म्हणून ही सगळी चौकशी सह्यांच्या आधी उरका.